बुडाखालची सही आणि भांड्याची तब्येत

वाचकांचे प्रश्न : जुनी ऑस्ट्रेलियन स्टुडिओ पॉटरी (छोट्या कार्यशाळांत घडवलेली मातीची भांडी)

प्रश्न : भाचीने मेलबर्नच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक जग आणला. बुडाला ‘बॉइड’ असं आहे. हा मेरिक बॉइड यांचा समजायचा का? (साखर पेठ, सोलापूर)

उत्तर : नुसत्या आडनावावर जाऊ नका. या एका घराण्यात मातीकाम करणारे अनेक झाले आणि त्यांच्या वस्तूंच्या किमतींत फार अंतर आहे. मेरिक बॉइड (१८८८–१९५९) मेलबर्नच्या मरम्बीना उपनगरात काम करत. त्यांची सही ओल्या मातीत कोरलेली असते, बहुतेकदा सालासकट. भांड्याचा कान गमट्रीच्या (निलगिरीच्या) फांदीसारखा वळवलेला दिसतो, घडण ओबडधोबड पण जिवंत. ‘ए. एम. बी.’ अशी अक्षरं असतील, तर आर्थर बॉइड आणि जॉन पर्सिव्हल यांनी तिथेच १९४४ मध्ये सुरू केलेल्या कारखान्याचा माल. ‘मार्टिन बॉइड’ असेल, तर तो सिडनीचा. तो कारखाना मेरिक यांचा मुलगा गाय बॉइड याचा, मार्टिन हे त्याचंच मधलं नाव. हा माल मोठ्या संख्येने निघाला, म्हणून तो स्वस्त मिळतो. सुरुवात करणाऱ्याने आधी हाच घ्यावा असं आमचं मत आहे.

आता दहापट भिंगाखाली सही पाहा. ओल्या मातीत कोरलेल्या रेघेच्या कडेला माती किंचित वर आलेली असते आणि कड बोथट असते. नंतर कुणी खिळ्याने ओरखडली असेल, तर कड धारदार, टवके उडालेली आणि आतली माती स्वच्छ दिसते. झिलई कापून रेघ गेली असेल, तर भांडं परत ठेवून द्या. मग आत बोट फिरवा. चाकावरच्या भांड्यात बोटांच्या गोल वळ्या लागतात. साच्यातल्या भांड्याची जाडी सगळीकडे सारखी असते आणि बाहेरून साच्याच्या सांध्याची उभी रेघ सापडते.

प्रश्न : साधा तपकिरी वाडगा आहे, बुडाला काहीच नाही. टाकून द्यावा का? (होटगी रोड)

उत्तर : मुळीच नाही. स्टोनवेअर (जास्त आचेवर भाजलेली घट्ट भांडी) करणारे बरेच कलाकार छोटा शिक्का बुडावर न मारता बाजूला, बैठकीच्या जरा वर दाबत. बोटाने झिलईखाली चाचपा. कुंभारकलाकार आयव्हन मॅकमीकिन यांनी १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मिटागाँगला सुरू केलेल्या स्टर्ट पॉटरीचे वाडगेही असेच साधे दिसतात.

प्रश्न : फुलदाणीखाली टेबलावर ओल येते, आणि बोअरच्या पाण्याने आतून पांढरा थर धरलाय. (विजापूर रोड)

उत्तर : ओल येते म्हणजे ते बहुधा अर्थनवेअर, म्हणजे कमी आचेवर भाजलेलं भांडं. ही माती साधारण १००० ते ११५० अंशांवर भाजली जाते, त्यामुळे सच्छिद्र राहते, आणि झिलईच्या केसतड्यांतून पाणी झिरपतं. स्टोनवेअर १२५० ते १३०० अंशांवर घट्ट होतं. फुलं ठेवायची तर आत काचेचा ग्लास ठेवा. थर काढायला व्हिनेगर किंवा लिंबू नको, मऊ झिलईची चमक त्याने जाते. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी भरून दिवसभर ठेवा, मऊ ब्रशने घासा आणि सावलीत आठवडाभर वाळवा. उन्हात नको, माती आणि झिलई वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि नवे तडे जातात. जुन्या कमी आचेच्या झिलईत शिसं असू शकतं, तेव्हा ताक, लोणचं, चिंचेचं सार यात कधीही ठेवू नका. शेंगाचटणीसुद्धा नाही.

प्रश्न : दुरुस्ती केलेलं भांडं कसं ओळखावं? (सात रस्ता)

उत्तर : तळहातावर तोलून नखाने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर बरं. बद्द वाजलं तर तडा शोधा. जाड अर्थनवेअर मुळातच मंद वाजतं, म्हणून अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्चही मारा. रंगवलेला किंवा राळेने भरलेला भाग बाकीच्या झिलईहून वेगळा चमकतो. काठ गालाला लावा: झिलई थंड लागते, भरलेला भाग कोमट. तुटलेलं जोडायचं असेल तर झटपट चिकटणारा गोंद टाळा. पॅरालॉइड बी-७२ हा राळेचा गोंद वापरा; तो ॲसिटोनमध्ये विरघळतो, त्यामुळे सांधा चुकला तर सोडवता येतो.

प्रश्न : मागवलेल्या भांड्याचं पॅकिंग विकणाऱ्याला कसं करायला सांगू? (जुळे सोलापूर)

उत्तर : खोक्यात खोकं, मधे चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर भरण. कान आणि झाकण वेगळं गुंडाळायचं. पोकळी रिकामी ठेवायची नाही, पण कोंबायचंही नाही. इथून पुढे पाठवायचं असेल, तर टॉवेल कारखान्यातली पांढरी चिंधी उत्तम. रंगीत नको, ओल लागली तर रंग केसतड्यांत उतरतो.