कच्चे काम दाखवायला शीक

नागपूर

प्रिय बेटा,

सप्रेम आशीर्वाद.

टोरांटोजवळच्या महाविद्यालयात ॲनिमेशनच्या पदवीसाठी तुझा प्रवेश नक्की झाल्याचे तुझ्या बाबांनी फोनवर सांगितले, तेव्हापासून हे पत्र मनात घोळते आहे. सोबत काय न्यावे याच्या याद्या तुला इतरांकडून मिळतीलच. मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती मला पहिल्या सत्रात कोणी सांगितली असती तर माझे कित्येक महिने वाचले असते. आपले अर्धवट, कच्चे, चुकलेले काम वर्गासमोर ठेवायची सवय पहिल्या आठवड्यापासून लावून घे.

ही सवय आपल्याला नसते. शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांपासून आपण पूर्ण झालेला, खोडरबराची खूणही न दिसणारा कागदच पुढे करायला शिकतो. मीही तसेच केले. ओझे घेऊन चालणारा माणूस चितारायचा होता, चारच सेकंदांचा. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवायचे, म्हणजे एकूण ४८ चित्रे. तीन आठवडे मी ती कोणाला दाखवली नाहीत. सदऱ्याच्या चुण्या काढल्या, सावल्या भरल्या, आणि शेवटच्या दिवशी अभिमानाने पडद्यावर लावली. शिक्षकांनी ती दोनदा पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "या माणसाच्या पाठीवर काहीच नाही." चूक पहिल्या दोन 'की पोझ'मध्येच, म्हणजे सगळी हालचाल ज्यांवर बेतलेली असते त्या मुख्य चित्रांमध्येच होती, त्यामुळे सगळी ४८ चित्रे बाद झाली. माझ्या शेजारच्या मुलाने काड्यांचा माणूस पहिल्याच आठवड्यात दाखवला होता आणि त्याची तीच चूक दहा मिनिटांत सुधारली गेली होती.

त्या रात्री खोलीत बसून मी नागपूरचा कळमन्याचा घाऊक बाजार आठवत राहिलो. माझे वडील तिथे एका अडत्याकडे हिशेब लिहीत आणि सुटीत मी त्यांच्याबरोबर जात असे. कांद्याचे पोते पाठीवर घेतलेला हमाल गुडघे कधीच पूर्ण सरळ करत नाही. तो आखूड, भराभर पावले टाकतो, कारण थांबला तर तोल जातो. आणि पोते उतरवल्यावरही पुढची दोन-तीन पावले तो वाकलेलाच चालतो, जणू शरीराला ओझे गेल्याची खबर उशिरा पोहोचते. हे सगळे मी लहानपणापासून पाहिले होते, पण कागदावर आणले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी रेघोट्यांनी काढलेली फक्त सहा चित्रे नेली. ती दिसायला ओबडधोबड होती, पण पोते जड वाटत होते.

वर्गात तुझ्या चित्रावर बोलले जाईल तेव्हा ते चित्रावरच असते, हे मनाला पटायला वेळ लागेल. बचाव करत बसू नकोस. "नजर नेमकी कुठे अडली?" एवढेच विचार आणि उत्तर लिहून घे. तुझे उच्चार वेगळे आहेत म्हणून गप्प राहू नकोस. दुसऱ्यांच्या कामावरही बोल, कारण गटाने फिल्म करायची वेळ येते तेव्हा जो बोलतो त्यालाच लोक सोबत घेतात. गप्प राहणाऱ्याच्या वाट्याला बहुधा दुसऱ्याने आखलेली पार्श्वभूमी रंगवणे येते.

दादासाहेब फाळके १९१२ साली चित्रपट बनवण्याची कला शिकायला लंडनला गेले होते. परतल्यावर त्यांनी थेट मोठा चित्रपट काढला नाही. कुंडीत वाटाणे पेरून, महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे टिपून, अंकुराची वाढ दाखवणारी मिनिटभराची फिल्म त्यांनी केली, आणि ती पाहूनच पैसे देणारी माणसे पुढे आली. तो तुकडा छोटा आहे म्हणून ते लपवून बसले असते तर काय झाले असते, याचा मी अनेकदा विचार करतो.

पैशांविषयी थोडक्यात. नोव्हेंबर २०२४ पासून कॅनडात सत्र सुरू असताना महाविद्यालयाबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येते. ही मर्यादा ओलांडू नकोस, आणि पहिल्या सत्रात तर २४ तासही भरू नकोस, कारण रात्री दुकानात उभे राहून आलेल्या हातांना सकाळी रेघ साधत नाही. तू पदवी घेते आहेस हे बरे झाले. पदविका घेणाऱ्यांना शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यासाठी आता विषयाची अटही पाहावी लागते.

डिसेंबरात तिथे पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि आपल्या उन्हाची सवय असलेल्या माणसाला तो अंधार आजारासारखा वाटू शकतो. तसे झाले तर महाविद्यालयातल्या समुपदेशकांकडे जा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. तुझे रात्रीचे नऊ म्हणजे हिवाळ्यात नागपूरचे सकाळचे साडेसात, आईच्या चहाची वेळ. तिलाही कच्चे काम दाखव. "छान आहे" म्हणाली तर तेवढ्यावर सोडू नकोस. तो माणूस काय करतो आहे असे तिला वाटते, ते विचार. तिचे उत्तर चुकले तर चित्र चुकले आहे.

तुझ्या निघण्याला अजून दोन रविवार आहेत. येत्या रविवारी पहाटे पाचला तुला घ्यायला येतो, कळमन्याला जाऊ. पेन्सिल आण, खोडरबर घरीच ठेव.

तुझा,
सर