मेंढ्या-शेळ्यांच्या चराईने माळ उजाड होतो की जमीन सुधारते? गायरानावर चराईबंदी करावी का?

तुम्ही लिहिलंय की गावात गायरानावर चराईबंदीचा ठराव येतोय. एक गट म्हणतो मेंढरांनी माळ बोडका केला, दुसरा म्हणतो लेंडीखताइतकं चांगलं खत नाही. दोघंही खरं बोलतायत, फक्त एक माळाबद्दल बोलतोय आणि दुसरा शेताबद्दल.

माझी जमीन कोरडवाहू, निम्मी मुरमाड. दिवाळीनंतर धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट त्यांचा तळ, आमच्या शिवारात आला की मी रात्री माझ्या शेतात मेंढरं बसवतो. मागच्या खेपेला तीनेकशे मेंढरं तीन रात्री वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, होती. लेंड्या तर पडतातच, पण खरा फायदा मुताचा. उकिरड्यावर शेण आणायचं तर मूत गोठ्यातच जिरून जातं आणि उरलेल्यातलं नत्र उन्हात उडतं. इथे दोन्ही थेट मातीत. फक्त लगेच वरवर कुळवाची पाळी घालून लेंड्या मातीत मिसळाव्या लागतात. पुढच्या पावसाळ्यात बाजरीचा रंग बघून कुठपर्यंत वाघर होती ते बांधावरून कळतं.

आता हे खत आलं कुठून? दिवसभर मेंढरं माळावर चरली आणि रात्री माझ्या रानात बसली. म्हणजे माळाचं नत्र, स्फुरद रोज थोडं थोडं माझ्या शेतात वाहून आलं. मी धनगराला पैसे दिले (आमच्या आजोबांच्या वेळी धान्य द्यायचे), माळाला कुणी काही दिलं नाही. लेंडीखताचं कौतुक करताना हे आम्ही शेतकरी सोयीस्कर विसरतो.

गवताचं म्हणाल तर ते चरण्यासाठीच घडलंय. त्याचा वाढीचा कोंब बुडाशी, जमिनीलगत असतो. शेंडा खाल्ला तरी ते बुडातून परत फुटतं. झाडाच्या रोपाचा कोंब वर टोकाला असतो. शेळीचं तोंड लागलं की झाड वर येत नाही असं म्हातारी माणसं म्हणतात, त्यात शेळीच्या तोंडातल्या विषाचा वगैरे काही भाग नाही. ती नेमका शेंडाच खुडते, तेही पुन्हा पुन्हा. गाय जिभेने गवत वेढून ओढते, त्यामुळे बोटभर तरी खुंट मागे राहतो. मेंढी अगदी जमिनीलगत कुरतडते.

त्यामुळे एकदा खाल्लेलं गवत परत फुटायच्या आत तिथेच पुन्हा तोंड पडलं की ते मुळांत साठवलेल्यावर जगायला लागतं. पानं नाहीत म्हणून मुळं आखडतात, आणि अशी चराई शब्दशः मुळावर येते. आधी शेडा, मारवेल, डोंगरी अशी खाण्याजोगी बहुवर्षायू गवतं जातात. त्यांच्या जागी कुसळी येते. शेवटी माळावर जनावरं तोंड न लावणारं तरवडाचं झुडूप तेवढं हिरवं दिसतं. गायरानात तरवडच तरवड दिसत असेल तर उत्तर तुमच्यासमोर उभं आहे. मुळं गेली की मातीला धरून ठेवणारं काही उरत नाही. त्यात ओल्या काळ्या जमिनीवर खुरं पडली की ती दडपते, वाळल्यावर दगड होते आणि पुढचं पाणी वरूनच वाहून जातं. ओल्यात मेंढरांचे खूरही सडतात, म्हणून शहाणा धनगर स्वतःच तिथे थांबत नाही.

मग बंदीच करावी? राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार इथे चराईबंदीने डोंगर हिरवे झाले हे खरं. पण तिथे नुसती बंदी नव्हती. कुऱ्हाडबंदी, बांधबंदिस्ती, श्रमदान सगळं एकत्र होतं, आणि हिवरे बाजारात लोक गवत कापून नेतात. नुसत्या बंदीचं काय होतं ते राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव पक्षी उद्यानाने दाखवलं. १९८२ साली तिथे म्हशींची चराई बंद केली. विरोध झाला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे पक्षीतज्ज्ञ सलीम अली स्वतः बंदीच्या बाजूचे होते. त्याच संस्थेने १९८० ते १९९० अशी दहा वर्षं तिथे अभ्यास केला आणि निघालं भलतंच: म्हशी खायच्या ते पाणगवत माजलं, तळी बुजत चालली, पाणपक्ष्यांनाच जागा उरेना. आपल्या मताविरुद्ध गेलेला निष्कर्ष संस्थेने लपवला नाही, याचं मला कौतुक वाटतं.

आमच्याही गावाने गायरान चार वर्षं बंद केलं होतं. पहिली दोन वर्षं गवत कमरेएवढं. मग जुनं वाळलेलं गवत तसंच उभं राहिलं, त्याखाली नवे फुटवे दबले, आणि चौथ्या मे महिन्यात कुणाच्या तरी विडीने सगळा माळ एका दुपारी जळाला.

मी तुमच्या ग्रामसभेत असतो तर महिन्यांवर भांडलो असतो. पहिल्या पावसानंतर गवत वीतभर होईपर्यंत कुणाचंच जनावर नको, स्वतःच्या गाईसुद्धा नको. गायरानाचे तीन तुकडे करा, दर पावसाळ्यात एक तुकडा बी झडेपर्यंत पूर्ण बंद, पुढच्या वर्षी दुसरा. दिवाळीनंतर बी पडून गेल्यावर तिथे मेंढरं येऊ द्या. वाळकं खाल्लं जातं आणि वणव्याची भीती कमी होते. आणि बाहेरून येणाऱ्या वाड्याशी आधी बोला. ऊस वाढला, माळांवर चर खणून ग्लिरिसिडियाची झाडं लागली, तसा त्यांचा रस्ता आक्रसत गेला. सगळ्यांनी आपापला माळ बंद केला की सगळी मेंढरं उरलेल्या एकाच माळावर जमणार.

एक राहिलं. उन्हाळ्यात शेतात मेंढरं बसवणार असाल तर आधी ती वेडी बाभळीच्या शेंगा खाऊन आली आहेत का ते विचारा. बी लेंडीतून धड बाहेर पडतं आणि जोमाने उगवतं. मी विचारलं नव्हतं; दोन वर्षं काटेरी रोपं उपटत होतो.