लॅटिन, फ्रेंच, स्पॅनिश आणि एस्पेरांतोमध्ये गुरुत्वाकर्षणाला काय म्हणतात?

मूळ लॅटिन शब्द 'ग्राविटास', म्हणजे जडपणा. तो आला 'ग्राविस' (जड) या विशेषणावरून. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध झालेला 'प्रिन्सिपिया' हा ग्रंथ लॅटिनमध्येच लिहिला आणि त्यात हाच शब्द वापरला. 'ग्राविस' आणि संस्कृत 'गुरु' हे एकाच इंडो-युरोपीय मुळातले, त्यामुळे आपलं 'गुरुत्व' त्याचं सख्खं भावंडच!

पुढे इटालियनमध्ये 'ग्राविता', स्पॅनिशमध्ये 'ग्राबेदाद', रोमानियनमध्ये 'ग्रावितात्सिए'. स्पॅनिश बातमीत कुणी 'दे ग्राबेदाद' जखमी झाला असेल, तर तो गंभीर जखमी आहे. न्यूटनचा संबंध नाही.

फ्रेंच मात्र काटेकोर. वस्तुमानांमधलं आकर्षण म्हणजे 'ग्राव्हितासियाँ'; पृथ्वीवर प्रत्यक्ष जाणवणारी ओढ म्हणजे 'पझांतर'. या दुसऱ्यात पृथ्वीच्या फिरण्याचा परिणामही धरतात. भौतिकशास्त्र शिकवायला ही सोय मला फार आवडते.

कृत्रिम भाषांपैकी इंटरलिंग्वा लॅटिनच्या जवळ राहून 'ग्राविताते' म्हणते. एस्पेरांतोत 'ग्राविटो'. तिथे 'ग्रावा' म्हणजे 'महत्त्वाचा'. 'जड'साठी 'पेझा' वापरा.