गावात मुलांना नाटक करायचंय पण सभागृह नाही, निधी कसा मिळवावा?

सभागृहाची वाट बघत बसू नका. इमारत उभी राहते आणि वर्षभरात तिला कुलूप लागतं, कारण तालीम कोणत्या वारी आणि अंधार पडल्यावर मुलं घरी कशी जाणार, हे कुणी ठरवलेलंच नसतं. आधी ते ठरवा.

मग श्राव्य नाटक, म्हणजे रेकॉर्ड करून नुसतं ऐकायचं नाटक, हाती घ्या. त्याला सभागृह लागत नाही. १० मिनिटांच्या नाटकाला १००० ते १२०० शब्दांची संहिता पुरते. उरलेला वेळ आवाजांना आणि विरामांना लागतो.

खोली निवडताना चुकलात तर पुढे काही सावरता येत नाही. उघड्या भिंतींवरून घुमणारा आवाज नंतर संगणकावर नीट काढता येत नाही. म्हणून कपड्यांनी, गाद्यांनी भरलेली खोली घ्या. भिंतीवर जाड रजया लावा, पण चिकटवून नाही. मागे चार बोटं पोकळी राहिली तर त्या जास्त आवाज शोषतात. पंखा बंद, रेकॉर्डिंगचा फोन विमान मोडवर. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला धरा, नाहीतर ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवेचा फटकारा थेट माइकवर बसतो. रेकॉर्डिंगच्या पट्टीवर सगळ्यात मोठा आवाजही -६ डेसिबलच्या खाली ठेवा. फाटलेला आवाज पुन्हा जुळत नाही. प्रवेश संपला की सगळ्यांनी गप्प राहून ३० सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा. संकलनात दोन वाक्यांमधली भोकं त्यानेच बुजतात. संकलनाला ऑडॅसिटी हे संगणकावरचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे.

यात लाजाळू मुलांनाही खरं काम मिळतं. पावलं, दार, पाऊस यांचे आवाज शोधणं आणि जोडणं हे अभिनयाइतकंच कठीण आहे.

‘शहरातून नामवंत बोलवा, एक दिवसाचं शिबिर घ्या’ असं सांगणारे भेटतीलच. ऐकू नका. फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी मुलांच्या हातात काही उरत नाही. दर आठवड्याला दोन तास येणारा साधा जाणकार कितीतरी बरा. सभागृहाचं म्हणाल तर, नृत्याला किंवा वाद्यवृंदाला जागा लागतेच, हे मान्य.

१८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी परवानगी घ्या आणि तालमीला कायम दोन मोठी माणसं ठेवा.

निधीबद्दल: अर्जाला तयार नाटक जोडा. अंदाजपत्रकात सामानाआधी मुलांचा प्रवासखर्च आणि मार्गदर्शकाचं मानधन लिहा. हे आकडे नंतर वाढवून मिळणं फार कठीण.