पोस्ट की कुरिअर हे नंतर बघू, आधी नाव जुळवा

ताई, तुमचा प्रश्न असा: जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या कॉलेजातून २०१६ साली बीएस्सी झालं. आता घरबसल्या इंग्लंडच्या विद्यापीठाचं एमएस्सी करायचंय. ते सीलबंद ट्रान्सक्रिप्ट (म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा विद्यापीठाने दिलेला अधिकृत उतारा) मागतायत, शिवाय तिकडून तीन जाड पुस्तकं मागवायची आहेत. तर हे सगळं पोस्टाने करावं की खाजगी कुरिअरने?

आपल्या भागातल्या मुलामुलींचे असे कागद मी बरीच वर्षं तपासून देतो. माझ्या पाहण्यात कागद वाटेत हरवण्यापेक्षा नावावर जास्त अडतात. म्हणून आधी तेच बघा.

आपल्या गुणपत्रकावर आडनाव पहिलं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि बारावीच्या गुणपत्रकावर खाली आईचंही नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. तिकडच्या कारकुनाला ‘पाटील’ हे तुमचं नाव आहे की आडनाव, हे कळायला काही मार्ग नाही. त्यातून लग्न झालेलं असेल तर पदवीवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं. त्याला कागदावरून या दोन वेगळ्या बायका वाटतात, आणि त्यात त्याची चूक नाही. तुमचं असं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत जोडा. राजपत्रात नावबदल केला असेल तर त्याचीही. नुसता क्रमाचा किंवा स्पेलिंगचा फरक असेल, तर ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या. विद्यापीठाच्या अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच भरा, शेवटपर्यंत तेच ठेवा.

दुसरी गोष्ट आपल्याकडची खास, आणि ती फार कमी जणांच्या लक्षात येते. तुमची पदवी २०१६ ची, म्हणजे तिच्यावर ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ छापलेलं असणार. २०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. आज काढलेल्या ट्रान्सक्रिप्टवर नवं नाव येतं. एकाच पाकिटात दोन विद्यापीठांची नावं बघून तिकडे शंका येणं साहजिक आहे. सोबत चार ओळींचं पत्र ठेवा: विद्यापीठ तेच, नाव २०१८ मध्ये बदललं. विद्यापीठाकडून तसं लेखी मिळालं तर फारच उत्तम. (घरात कुणाची पदवी १९९० च्या आधीची असेल तर ती पुणे विद्यापीठाची, कारण आपलं विद्यापीठ १९९० चं. त्यांनी ट्रान्सक्रिप्टसाठी जळगावला चकरा मारू नयेत.)

ट्रान्सक्रिप्ट काढायच्या आधी तिकडे एक ईमेल करून विचारा की स्कॅन केलेली प्रत किंवा आपल्या विद्यापीठाकडून थेट ईमेल चालेल का. बऱ्याच ठिकाणी चालतं आणि मग पाठवायचा प्रश्नच उरत नाही. नाहीच म्हणाले तर एकदम दोन-तीन संच मागून घ्या, पुढे लागतातच. पाकीट हातात आलं की तिथेच उलटं करून बघा. जिथे चिकटवलंय त्या जोडावर सही आणि शिक्का हवा, शिक्का अर्धा वरच्या कागदावर आणि अर्धा खालच्या. तसा नसेल तर खिडकीवरच परत द्या. पाकिटावर तिकडचा अर्ज क्रमांक लिहा. ते कधीही उघडू नका. हे पाकीट दुसऱ्या जाड, न भिजणाऱ्या पाकिटात घाला आणि पत्त्याचं लेबल, बारकोड सगळं बाहेरच्यावर लावा. मूळ पदवी प्रमाणपत्र मात्र कुणीही मागितलं तरी पाठवू नका, साक्षांकित प्रत द्या.

आता पोस्ट की कुरिअर. नुसत्या कागदांना मी आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट सांगेन. ओळखपत्राची झेरॉक्स जवळ ठेवा. तालुक्याच्या पोस्टात परदेशी बुकिंग रोज होईलच असं नाही, म्हणून आधी विचारून जा किंवा सरळ जळगावचं हेडपोस्ट गाठा. पावतीवर तेरा अक्षरी-अंकी क्रमांक असतो: दोन अक्षरं, नऊ अंक, शेवटी भारताची ‘आयएन’ ही दोन अक्षरं. पाकीट ब्रिटनमध्ये पोचलं की हाच क्रमांक पार्सलफोर्सच्या (तिकडे स्पीड पोस्ट घरपोच करणारी कंपनी) साइटवर टाकून बघा, तिथे नोंद लवकर दिसते. प्रवेशाची तारीख तोंडावर आली असेल तर मात्र कुरिअरचे जादा पैसे द्या, तिथे काटकसर नको.

पुस्तकांचं गणित निराळं. आधी तिकडच्या विद्यापीठाचं लॉगिन मिळालं की ई-ग्रंथालयात ती तीन पुस्तकं शोधा. नाहीतर भारतीय आवृत्ती मिळते का बघा, ती बरीच स्वस्त असते. फक्त तिच्यात कधी कधी स्वाध्यायांचे क्रमांक वेगळे असतात, म्हणून आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला त्या आवृत्तीचा क्रमांक) पाठवून शिक्षकांना विचारून घ्या. तरीही मागवायचीच असतील तर पाठवणाऱ्याला खोकं पुस्तकांच्या मापाचं घ्यायला सांगा. कुरिअरवाले खोक्याच्या आकारावरूनही वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा ५००० ने भागतात, आणि ते किलो खऱ्या वजनापेक्षा जास्त आले तर त्यांचे पैसे घेतात. ४० बाय ३० बाय २० च्या खोक्यात तीन किलोची पुस्तकं असली तरी पैसे ४.८ किलोचे लागतात.

कस्टमच्या कागदावर ‘छापील पुस्तकं, स्वतःच्या अभ्यासासाठी’ आणि खरी किंमत लिहायला सांगा. ‘गिफ्ट’ लिहून किंमत पाडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, बिलाशी मेळ बसला नाही की पार्सल तिथेच थांबतं. २०१९ च्या अर्थसंकल्पापासून परदेशी पुस्तकांवर सीमाशुल्क आहे, तेव्हा ते ५ टक्के लागलं होतं. पार्सल पोस्टाने आलं तर शुल्क दारात पोस्टमनकडे भरता येतं. कुरिअरने आलं तर आधी ओळखपत्र अपलोड करायचा मेसेज येतो आणि ते होईपर्यंत पार्सल हलत नाही. इथेही पुन्हा तेच: खोक्यावरचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच हवं.

पत्ता देताना ‘मारुती मंदिराच्या मागे’ हे पहिल्या ओळीत नको, त्यांच्या फॉर्मची ओळ तिथेच संपते आणि गाव कापलं जातं. नाव, घर किंवा प्लॉट नंबर, गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड, शेवटच्या ओळीत इंग्रजी मोठ्या अक्षरांत देश. खाली मोबाईल नंबर, देशाच्या ९१ सकट. गावात पोस्टमन ओळखीचा असेल तर पार्सल येणार आहे हे त्याच्या कानावर घाला.