शिवारातल्या उंची हॉटेलात मित्रांसोबत जेवायला जाण्याआधी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेतले सहा मित्र बावीस वर्षांनी जानेवारीतल्या एका शनिवारी एकत्र येत आहेत. पुण्याहून येणाऱ्या मित्राने छत्रपती संभाजीनगरबाहेर, वेरूळच्या रस्त्याला, शेतात उभे राहिलेले एक उंची हॉटेल सुचवले आहे. सहांपैकी दोघांची परिस्थिती बेताची आहे आणि एक जण माळकरी आहे. अशा ठिकाणी काय मागवावे, बिल कसे वाटावे आणि कोणाचे मन न दुखावता हे सारे कसे पार पाडावे, असे आपण विचारले आहे. गेली बारा-तेरा वर्षे आमच्या सात जणांच्या गटाचे असे जेवण ठरवण्याचे काम माझ्याकडे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बिलाचा विषय मी मुद्दाम सर्वांत आधी घेतो. बहुतेक लोक तो जेवण उरकल्यावर, बिल टेबलावर आल्यावर काढतात आणि तोवर फार उशीर झालेला असतो. आमच्या गटातला एक मित्र तेव्हा जालना जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत शिकवत होता. ज्यांना आपल्याकडच्या अशा शाळा माहीत आहेत, त्यांना त्याच्या पगाराविषयी वेगळे सांगायला नको. एका डिसेंबरात आम्ही शहराबाहेरच्या अशाच एका हॉटेलात गेलो. ‘आज पित्त वाढले आहे,’ असे म्हणून त्याने फक्त दहीभात घेतला. आम्ही बाकीच्यांनी कबाब, मटण, गोड असे सगळे मागवले आणि शेवटी आमच्यातलाच एक जण सहज म्हणून गेला, ‘सातांत भागून टाका.’ त्याने काहीही न बोलता आपला वाटा दिला. पुढची तीन वर्षे तो आला नाही. दर वेळी शाळेचे किंवा घरचे काहीतरी कारण निघत असे. चौथ्या वर्षी मी त्याच्या गावी गेलो, तेव्हा त्यानेच सांगितले की त्या रात्री दिलेले पैसे मुलीच्या परीक्षेच्या फीसाठी बाजूला काढून ठेवलेले होते आणि पित्त वगैरे काही नव्हते. तो रागावलेला नव्हता. मला मात्र त्या दहीभाताची आठवण झाली की आजही वाईट वाटते, कारण आमच्यापैकी प्रत्येकाला त्याची परिस्थिती माहीत होती आणि तरीही एकालाही आधी विचारावेसे वाटले नव्हते.

म्हणून माझे सांगणे हे आहे की पैशाची गोष्ट घरून निघण्याच्या किमान आठवडाभर आधी, आणि फोनवर एकेकट्याशी बोलून ठरवावी. सगळ्यांच्या गटावर ‘प्रत्येकी दोन हजार चालतील का?’ असा संदेश टाकला, तर ज्याला ते चालणार नाहीत तोही अंगठा दाखवतो, कारण पाच जणांसमोर नाही म्हणण्याचे धैर्य सहसा होत नाही. पहिला फोन त्या दोघांना करावा आणि हॉटेलाचे नाव घेण्याआधी ‘तुला किती रुपयांपर्यंत सोयीचे आहे, त्या हिशोबाने जागा बघतो,’ असे सरळ विचारावे. मित्राने विचारले तर हा प्रश्न अपमानाचा वाटत नाही. न विचारता गृहीत धरलेला आकडा मात्र मनाला लागतो. जी रक्कम सर्वांत कमी येईल, तीच सगळ्यांची ठरवावी. आम्ही आता तेवढ्या रकमेत बसणारे साधे जेवण सर्वांचे म्हणून धरतो आणि त्यापलीकडचे काही कोणी मागवले, मग ते मद्य असो की एखादा खास पदार्थ, तर ते ज्याने मागवले त्याच्या नावावर जाते. निव्वळ ‘टीटीएमएम’, म्हणजे तुझे तू आणि माझे मी, मला स्वतःला आवडत नाही. एका ताटातून दोन घास घेणाऱ्या शाळकरी मित्रांनी पोळ्या मोजत बसावे, हे आपल्या रीतीला धरून नाही.

पुण्याच्या मित्राला सर्वांचे बिल द्यायचे असेल, तर त्यात काहीच गैर नाही. पण ते त्याने निमंत्रण देतानाच सांगावे. टेबलावर पाकिटे काढून ‘मी देतो, मी देतो’ अशी ओढाताण झाली की ज्याच्या खिशात तेवढे नसतात, त्यालाही खोटेखोटे पाकीट काढावे लागते. यजमान आधीच ठरलेला असेल तर बाकीच्यांनी ते मोकळ्या मनाने स्वीकारावे आणि मागवण्याचा पुढाकार त्याच्याकडेच ठेवावा.

आता आकड्यांकडे येतो, कारण मेन्यूकार्डावरचा दर आणि हातात पडणारे बिल यांत अंतर असते. जेवणावर साधारणतः ५ टक्के जीएसटी लागतो. परंतु ज्या रिसॉर्टमध्ये खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर आकारले जाते, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये हाच कर १८ टक्के असू शकतो, म्हणून बुकिंग करतानाच हे विचारून घ्यावे. मद्य जीएसटीत येत नाही. त्यावर व्हॅट वेगळा लागतो. याशिवाय काही ठिकाणी ‘सर्व्हिस चार्ज’ नावाची ओळ असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हा आकार हॉटेलाला परस्पर बिलात घालता येत नाही, आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ही तत्त्वे योग्य ठरवली आहेत. समजा सहा जणांचे जेवण ८,००० रुपयांचे झाले. ५ टक्के कर धरून ८,४०० होतात, म्हणजे प्रत्येकी १,४००. त्यातच १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला आणि त्यावरही कर घेतला, तर बिल ९,२४० वर जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला १,५४० येतात. तुमच्या त्या दोन मित्रांच्या दृष्टीने हे वरचे एकशे चाळीस रुपये लहान नाहीत. ती ओळ काढून टाका, असे व्यवस्थापकाला शांतपणे सांगावे. एका ठिकाणी मला तसे सांगावे लागले आणि दोन मिनिटांत नवे बिल आले. नकार मिळालाच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. बाटलीबंद पाण्याच्या बाबतीत मात्र वाद घालू नये, कारण हॉटेलात बसून प्यायच्या बाटलीला छापील किमतीहून अधिक दर घेता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे. साधे फिल्टरचे पाणी मागावे आणि लागेल तेवढेच ग्लासात घ्यावे. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या उन्हाळ्याची आठवण असलेल्या माणसाला टेबलावर अर्धे सोडलेले सहा ग्लास पाहवत नाहीत.

काय मागवावे, याविषयी माझे मत ठाम आहे. शेतातल्या हॉटेलात जाऊन पनीरचे तेच चार प्रकार आणि नूडल्स मागवण्यात काही अर्थ नाही. ते शहरात निम्म्या दरात मिळतात. जिथे गरम ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, पिठले, अंबाडीची भाजी, कारळाची किंवा जवसाची चटणी आणि करडईच्या तेलाची धार मिळते, तिथे तेच घ्यावे. स्वयंपाकघर कसे आहे हे ओळखण्याची माझी एक साधी रीत आहे: भाकरी मागणीनंतर थापतात की आधी करून ठेवतात, एवढेच विचारतो. उत्तर देताना वाढपी अडखळला, तर बाकीच्या पदार्थांची अपेक्षा कमी ठेवतो. मांसाहार करणाऱ्यांनी काळ्या मसाल्यातले मटण घ्यावे. नान खलिया, म्हणजे नानबरोबर खायचा मटणाचा रस्सा, मात्र अशा ठिकाणी मेन्यूत दिसला तरी टाळावा, असे मी म्हणेन. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळाशी जोडला जाणारा हा पदार्थ मोठ्या भांड्यात, भरपूर माणसांसाठी शिजतो तेव्हाच खरा लागतो आणि तो जुन्या शहरातच खावा. सहा जणांत एकदम सहा भाज्या मागवू नयेत. तीन मागवून, संपल्या की चौथी सांगावी. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करून वाढण्याची पद्धत आहे आणि घरी ती शोभते, परंतु प्रत्येक वाटीची किंमत लागत असलेल्या जागी आग्रह आवरता घेतलेला बरा.

माळकरी मित्रासाठी शनिवारी एकादशी नाही ना, हे पंचांगात आधी पाहून घ्यावे. असल्यास दिवसच बदलावा, कारण इतरांच्या ताटांसमोर भगर घेऊन बसणे त्याला जड जाणार नाही कदाचित, पण तुम्हाला जाईल. एरवी, सामिष पदार्थांची भांडी, तवा आणि पळी वेगळी ठेवतात का, हे त्याच्यादेखत वाढप्याला विचारण्याऐवजी बुकिंगच्या फोनवर विचारावे. तो कांदा-लसूण खात नसेल तर एक दिवस आधी सांगितल्यास बहुतेक ठिकाणी वेगळे वरण आणि भाजी करून देतात. ऐनवेळी सांगितले की फक्त दही आणि पापड पुढे येतो. त्याच्या शेजारी शाकाहारी मित्रांना बसवावे. आमच्या गटातला माळकरी मित्र आला की तर सगळ्यांचे जेवण शाकाहारी होते; त्याने कधीही तसा हट्ट धरलेला नाही, आम्हीच ते ठरवले आहे.

वेळेचा अंदाज जरा सढळ ठेवावा. जानेवारी हा शाळांच्या सहलींचा हंगाम आहे, आणि शनिवारी वेरूळ, खुलताबादची भद्रा मारुतीची गर्दी आणि सहलीच्या बसगाड्या हे सारे त्याच रस्त्यावर असते. दौलताबादच्या घाटातला जुना दरवाजा अरुंद असल्यामुळे तिथे वाहने खोळंबतात. शहरापासून वेरूळ जेमतेम तीस किलोमीटर असले, तरी संध्याकाळी तासाभराहून अधिक वेळ धरावा. बाहेर शिवारात टेबल घेतले असेल तर रात्री आठनंतर थंडी बोचते, म्हणून स्वेटर किंवा शाल सोबत असावी. काही ठिकाणी मोबाइलला रेंज नसते आणि यूपीआय अडकते, तेव्हा थोडी रोकड जवळ ठेवावी. कपड्यांची चिंता करण्याचे कारण नाही. स्वच्छ सदरा पुरेसा आहे.

मद्याबद्दल एवढेच, की गाडी चालवणाऱ्याने एक थेंबही घेऊ नये. कायद्यातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम इतकी आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रात्रीच्या त्या घाटरस्त्यावर पाच मित्रांचा जीव त्याच्या हातात असतो. ज्याला प्यायचे नाही, त्याला ‘एक घे रे’ असे म्हणणेही टाळावे.

तिथे वाढणारी मुले बहुतेक आसपासच्या गावांतली असतात. त्यांना ‘ए’ म्हणून हाक मारू नये, ‘दादा’ म्हणावे. बक्षिशी स्वखुशीने आणि त्यांच्या हातात द्यावी. सर्व्हिस चार्ज काढायला लावून त्यांना रिकाम्या हाताने सोडणे मला पटत नाही.

त्या दोघांपैकी एकानेही फोनवर चाचरत उत्तर दिले, तर हॉटेलाचा बेत सोडून एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेतावर हुरड्याला जावे. जानेवारी त्यासाठी अगदी योग्य आहे. गूळभेंडी किंवा सुरती ज्वारी असेल तर उत्तमच. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेले ‘परभणी वसंत’ हे वाणही खास हुरड्यासाठीचे आहे. गोवऱ्यांची आगटी, हातावर चोळून पाखडलेले गरम दाणे, शेंगदाण्याची चटणी, गूळ, बोरे आणि वर ताक, एवढ्यावर सहा जणांची दुपार जाते. दर माणशी किती, हे आधी विचारून घ्यावे आणि ठरलेली रक्कम शेतकऱ्याला पोहोचल्याबरोबर द्यावी, म्हणजे निघताना हिशोबाचा विषयच निघत नाही. पुण्याच्या मित्राला हे सांगताना कोणाचेही कारण पुढे करू नका. ‘हुरड्याचे दिवस आहेत, शेतावर बसू,’ एवढे म्हटले की पुरे.