नाचासाठी वाजवताना लय किती ठेवायची?

घरी मेट्रोनोमवर (ठरलेल्या लयीत ठोके देणारं यंत्र) सगळं बरोबर येतं पण नाचाला वाजवलं की कोणी फास्ट म्हणतं कोणी स्लो, मग नेमके किती बीपीएम (म्हणजे मिनिटाला किती बीट) धरायचे, असं तुम्ही विचारलंय. मी नाचाला अकॉर्डियन वाजवतो आणि हा घोळ मीही भरपूर घातलाय, बोटं चालतायत म्हणून लय चढवत न्यायची आणि समोरच्यांची नुसती फरफट.

आकडाच हवा असेल तर काँट्रा डान्सला (समोरासमोर रांगा करून जोडीने नाचायचा लोकनाच) साधारण ११० ते १२०, म्हणजे ३२ बारची धून (एका बारात दोन बीट) ३२ ते ३५ सेकंदांत एकदा फिरून येते. पण व्हिएनीज वॉल्ट्झ १८० च्या आसपास आणि स्लो वॉल्ट्झ त्याच्या निम्म्यावर, दोन्ही तीनाच्या ठेक्यातलेच, मग नुसतं वॉल्ट्झ म्हणून काय कळणार? आयरिश स्टेप डान्समध्ये तर नवशिक्यांची रील (नाचाची एक धून) तयार लोकांपेक्षा फास्ट असते, कारण तयार माणूस तेवढ्याच सुरांत जास्त पावलं बसवतो, त्याला जागा लागते.

आणि स्लो म्हणजे सोपं हे डोक्यातून काढाच. माणूस २० सेंटीमीटर उडाला तर साधारण ०.४ सेकंदात खाली येणार, तुमची लय काहीही असो. १२० ला एक बीट अर्ध्या सेकंदाची, जमतं. ९० वर आणली की ती ०.६७ ची होते, मग बिचारा एकतर आणखी उंच उडणार नाहीतर खाली येऊन गुडघे वाकवून पुढच्या बीटची वाट बघत बसणार, आणि त्यात दम जास्त जातो.

म्हणून मी आता सुरू करायच्या आधी कोणालातरी म्हणतो, सगळ्यात अवघड स्टेप दोनदा करून दाखव, म्युझिकशिवाय. तेव्हा टाच कधी टेकते ते बघायचं, त्यावर मनात धून गुणगुणायची आणि तीच लय पकडून उचलायचं. हॉल मोठा आणि घुमणारा असेल तर थोडं खाली, नाहीतर सुरांचा नुसता चिखल होतो. रेकॉर्डिंगच्या लयीवर जाऊ नका, त्यातलं बरंचसं ऐकण्यासाठी वाजवलेलं असतं, नाचण्यासाठी नाही.

एक राहिलंच, पूर्ण नाच फोनवर रेकॉर्ड करा आणि पहिलं आणि शेवटचं आवर्तन टॅप टेम्पोवर (बीटवर बोट टॅप केलं की बीपीएम दाखवणारं अ‍ॅप) मोजा. मी ११२ ला सुरू करून १२६ ला संपवलं होतं आणि मला वाटत होतं नाचणारेच पळतायत.